ताऱ्यांची आणेवारी

दिवाळी उलटली की सोलापूरला धाकट्या जावेच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही. सणाआधी या खोलीतून माल जातो आणि सणानंतर त्यातला काही परत येतो. कुरिअरच्या राखाडी पिशव्या सोफ्यावर, शिलाई मशीनच्या पायाशी, टीव्हीखाली, अगदी सासूबाईंच्या पलंगाखालीसुद्धा. जाऊ कॉटनचे गाऊन शिवून घेते आणि ऑनलाइन विकते. कटिंग मास्तर अक्कलकोट रोडला बसतो, पेठेतल्या चार-पाच बायका घरी शिवतात, आणि घडी, लेबल, पॅकिंग हे सगळं या खोलीत. परत आलेली पिशवी ती कधी सरळ फोडत नाही. आधी मोबाइल स्टँडला लावायचा, व्हिडिओ सुरू करायचा, पिशवीवरचा नंबर मोठ्याने वाचायचा आणि मग कात्री लावायची. आत भलतंच काही निघालं तर क्लेम करायला हा व्हिडिओ लागतो. मी शेजारी बसून घड्या घालत होते. एका गाऊनला चक्क धुण्याच्या पावडरीचा वास होता. एकाच्या बाहीवर हळदीचं बोट उमटलेलं. एका पिशवीतून जावेचा गाऊन निघालाच नाही, निघाला कोणाचा तरी विटलेला, काखेत उसवलेला जुना गाऊन, व्यवस्थित घडी घालून, तिच्याच पॉलिबॅगमध्ये. ती हसली. मला हसू आलं नाही. आणि बऱ्याच पिशव्या तर उघडलेल्याच नव्हत्या. पैसे दारात द्यायचे होते, दार उघडलं नाही, नाहीतर घरातल्या कोणीतरी ‘आम्ही मागवलंच नाही’ म्हणून सांगितलं, आणि गाऊन बिहारपर्यंत फिरून तसाच घरी आला.

तशात तिने मध्येच कात्री खाली ठेवली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. दुसऱ्या कोणाचा तरी फीडिंग गाऊन, पुढे दोन झिप, फिकट जांभळ्यावर पांढरी फुलं. खाली चार पूर्णांक दोन तारे आणि काही हजार रेटिंग. तिला हाच प्रकार काढायचा होता. कापड ठरलं होतं, झिपवाला ठरला होता, मास्तर म्हणत होता मोठा लॉट घेतलात तर कटिंग स्वस्त पडेल. अडलं होतं एकाच गोष्टीवर. गाऊन परत आला की जातानाचं पॅकिंग वाया, येतानाचं भाडं अंगावर, आणि मळलेला असेल तर कापडही गेलं. दहातले किती परत येणार यावर सगळा नफा उभा. “ताई, तुम्ही इतकी वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलंत,” ती म्हणाली. “याचे एवढे रिव्ह्यू आहेत. यावरून याचे रिटर्न किती येत असतील, काढता येईल का?” मी म्हटलं, “नाही गं, तसं नाही काढता येत.” “बरं,” म्हणाली आणि पुढच्या पिशवीचा नंबर वाचू लागली.

ते ‘बरं’ मला टोचलं.

वर्गात शेवटच्या बाकावरची मुलं असं ‘बरं’ म्हणायची. म्हणजे तुमचं उत्तर आम्हाला कळलं, पण कामाचं नाही. खरं तर प्रश्न नेमका होता. मोबाइलच्या पडद्यावर हजारो माणसांची मतं मोफत मांडून ठेवलेली आहेत, आणि त्यातून एक साधा आकडा काढता येऊ नये? कापसाच्या भावापासून निवडणुकीच्या निकालापर्यंत लोक याहून कमी माहितीवर अंदाज बांधतात. नाही म्हणायचं तर का नाही, हे तरी सांगायला हवं होतं.

रात्री सगळे झोपल्यावर मी त्या जांभळ्या गाऊनचे रिव्ह्यू वाचत बसले. बाहेर कुठेतरी यंत्रमागाचा खडखडाट चालू होता. रिव्ह्यू वाचणं ही मोठी करमणूक आहे, हे मला माहीत नव्हतं. ‘अजून घातला नाही, पण दिसायला छान आहे’, पाच तारे. ‘पार्सल दोन दिवस उशिरा आलं’, एक तारा, आणि गाऊनबद्दल अवाक्षर नाही. ‘वहिनीसाठी घेतला आहे, तिला विचारून सांगते’, चार तारे. वहिनीचं पुढे काय झालं ते कळलं नाही. ‘नाइस’, ‘नाइस’, ‘व्हेरी नाइस’. एकीने गाऊनचा फोटो टाकला होता, तो स्वयंपाकघराच्या दाराला अडकवलेला, मागे ओट्यावर कुकर आणि कुकरशेजारी निवडलेली मेथी. गाऊनपेक्षा मला ती मेथीच जास्त वेळ दिसत राहिली. एकीने परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले होते, बाळ महिन्याचं आहे, रात्री तीनदा उठावं लागतं, झिपचं टोक टोचतं, तेवढं बदला. हे वाचून मी क्षणभर थांबले. कारखान्यातल्या कोणाही माणसाला पगार देऊन हे सांगता आलं नसतं. आणि अधूनमधून लाल भडक राग: फसवलं, पैसे बुडाले, घेऊ नका. हे रागावलेले लोक नक्की कशाने रागावले आहेत ते बघत गेले तर एक गोष्ट ध्यानात आली. ‘मी गाऊन परत केला’ असं म्हणणारे अगदी थोडे. ‘परत घेत नाहीत’ म्हणणारे पुष्कळ.

साधंच आहे. ज्या बाईला गाऊन घट्ट झाला, तिने चार दिवसांत बटण दाबलं, मुलगा येऊन पिशवी घेऊन गेला, पैसे खात्यात आले, तिचं त्या गाऊनशी नातं संपलं. ती कशाला लिहायला बसते? तिचा राग पैशांबरोबरच परत गेला. लिहिते ती, जिची मुदत टळून गेली, किंवा जिचा पिकअपवाला तीनदा येऊन ‘घर बंद होतं’ असं खोटं नोंदवून गेला. म्हणजे एक तारा देणारी बाई बहुतेक वेळा गाऊन परत न केलेली, परत न करू शकलेली बाई असते. आणि जिने परत केला तिचा मागमूस त्या पानावर नसतो. दार न उघडलेल्या पिशव्यांचं तर बोलायलाच नको. ज्या गिऱ्हाइकाने वस्तू पाहिलीच नाही ते मत काय देणार? जावेच्या खोलीतला अर्धाअधिक ढीग त्यांचाच होता, आणि रिव्ह्यूंच्या पानावर त्या ढिगाची सावलीसुद्धा पडलेली नव्हती.

फळ्यावर लिहायची सवय जात नाही, म्हणून मी जावेच्या बिलबुकाच्या पाठीवर मांडून पाहिलं. समजा, दोन दुकानांनी प्रत्येकी १,००० गाऊन विकले. पहिल्याचे ५० परत आले आणि परत करणाऱ्यांपैकी दहात एकीने तक्रार लिहिली, तर पानावर पाच तक्रारी. दुसऱ्याचे २५० परत आले, पण परतीची सोय इतकी सुरळीत की पन्नासात एकीनेच लिहिलं, तर पानावर तक्रारी पाचच. वाचणाऱ्याला दोन्ही दुकानं सारखी. एकाच्या घरी पन्नास पिशव्या आणि दुसऱ्याच्या घरी अडीचशे. किती तक्रारी आल्या हे दिसतं, किती जणांनी तक्रार न करता परत केलं हे दिसत नाही, आणि हे न दिसणारं प्रमाण माहीत असल्याशिवाय दिसणाऱ्या आकड्यावरून पुढे सरकताच येत नाही. रिव्ह्यू हजार असोत की लाख. चुकीच्या बाजूने झुकलेला नमुना मोठा केला की चूक कमी होत नाही, चुकीवरचा विश्वास वाढतो. हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले, फक्त उदाहरणात गाऊन नव्हते.

ताऱ्यांचं वाटप बहुतेक ठिकाणी एकाच आकाराचं दिसतं, पाचाशी उंच ढीग, एकाशी छोटा ढीग, मध्ये खड्डा. नान हू, पॉल पाव्लू आणि जी झांग यांनी २००९ साली यावर लिहिलेला लेख मी एम.एस्सी.च्या मुलांना वाचायला द्यायचे. त्यांनी कारणं दोन सांगितली. एक म्हणजे वस्तू आवडेल असं आधीच वाटणारा माणूसच ती विकत घेतो. दुसरं, फार आवडलं किंवा फार चिडलं तरच माणूस लिहितो, ‘ठीक आहे’ वाटणारा गप्प बसतो. आमच्या घरात सासूबाई या तिसऱ्या, गप्प जातीच्या. त्यांना काहीही विचारा, ‘बरं आहे की’ म्हणतात, आणि नावडती वस्तू माळ्यावर टाकतात. त्यांचा तारा कुठेही नोंदला जात नाही, आणि त्यांनी आयुष्यात एकही वस्तू परत केलेली नाही. त्यांच्या तरुणपणी नव्या पेठेतल्या दुकानात गल्ल्यामागे लाल अक्षरांत पाटी असायची, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. त्या पाटीखाली उभं राहून त्या तासभर पोत चाचपायच्या, लुगड्याचा पदर उजेडात धरायच्या, काठ नखाने खरवडून बघायच्या. परतीचा सगळा विचार खरेदीच्या आधी उरकलेला असायचा.

आता उलट आहे, आणि ते वाईटच आहे असं नाही. अंगावर घालून बघायची खोली दुकानातून उठून आपल्या घरात आली. ऑनलाइन कपडे-चपला विकणाऱ्या बर्लिनच्या झालांडो कंपनीची जुनी जर्मन जाहिरातच अशी होती की आनंदाने किंचाळा, नाहीतर परत पाठवा, आणि लोक खरंच पाठवतात. निम्म्याच्या आसपास माल परत येतो असं कंपनी स्वतः सांगते. म्हणून तिथली गिऱ्हाइकं नाराज आहेत असं कोण म्हणेल? एकच चप्पल दोन मापांत मागवायची, एक ठेवायची, एक परत. ठेवलेलीला पाच तारे, परत गेलेलीबद्दल मौन, आणि हिशेबाच्या वहीत मात्र पन्नास टक्के परत. दुसऱ्या टोकाला दीडशे रुपयांचं मोबाइलचं कव्हर. रंग उडाला, दोन तारे ठोकले, पण परत कोण करतंय, पिकअपवाल्याची वाट बघण्यात दुपार जाते. आतले कपडे तर बरेच ठिकाणी परत घेतच नाहीत, तिथे तारे कितीही कोसळले तरी परतीचा आकडा जवळपास शून्य. आवडणं न आवडणं हा मनाचा मामला झाला. परत करणं हा व्यवहाराचा निर्णय आहे, त्यात किंमत येते, मुदत येते, जिना किती मजल्यांचा आहे ते येतं, घरात दुसरं कोणी ती वस्तू वापरेल का हेही येतं.

हे सगळं मनात चाललं असताना मला वडील आठवत होते, आणि ते का आठवतायत हे जरा उशिरा कळलं.

वडील तलाठी होते, खटाव-माणच्या बाजूला. पाऊस हात दाखवून जाणारा मुलूख. खरिपाच्या शेवटी आमच्या घरी एकच विषय असायचा, आणेवारी. पुढे आणे जाऊन पैसे आले आणि सरकार तिला पैसेवारी म्हणू लागलं, पण गावच्या तोंडी आणेवारीच राहिली. पूर्ण पीक म्हणजे रुपया धरला, तर यंदा रुपयात किती पैसे आलंय, ते ठरवायचं. पन्नास पैशांच्या आत लागली तर टंचाईच्या सवलती, शेतसाऱ्यात सूट, पोरांची परीक्षा फी माफ. पन्नासच्या वर लागली तर काही नाही. पहिला अंदाज नजरेचा असायचा. बांधावर उभं राहायचं, बाजरीकडे बघायचं आणि आकडा बोलायचा. शेतकऱ्याची नजर पीक कमी बघायची, वरून आलेल्या साहेबाची नजर जास्त बघायची, आणि वडील दोघांच्या मध्ये टोपी हातात धरून उभे असायचे. कोणी खोटं बोलत होतं असं नाही म्हणता येणार. ज्याचं त्यात जे अडकलंय तसं पीक त्याला दिसायचं.

मग पीक कापणी प्रयोगाचा दिवस यायचा. शाळेला सुट्टी असली तर वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. शेत कुठलं, ते गावाने ठरवायचं नाही, पाटलाने नाही आणि वडिलांनीही नाही. कागदावरच्या आकड्यांच्या तक्त्यातून गट नंबर निघायचा. मग शेतात किती पावलं आत जायचं तेही तक्त्यातूनच. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, आणि दोरीच्या आतलं सगळं, चांगलं असो की करपलेलं, कापायचं. कणसं खुडून, बडवून, वारं देऊन दाणे काट्यावर. ओले दाणे वेगळे ठेवून वाळल्यावर पुन्हा वजन. ती ओलसर बाजरीची हिरवट पिठूळ चव माझ्या जिभेवर अजून आहे, कारण वडिलांची पाठ वळली की मी मूठभर तोंडात टाकायची, आणि एकदा त्यांनी पाहून सगळ्यांसमोर कान पिळला होता. “तू खाल्लंस ते वजनात धरायचं कुठे?” हा माझा सांख्यिकीतला पहिला धडा. पण त्याहून मोठा धडा काठाचा होता. दोरीवरच लवलेलं भरदार कणीस असलं की कापणाऱ्याचा हात आपसूक ते आत ओढायचा. वडील ओरडायचे, मूळ बाहेर असलं तर ताट बाहेर!

पुढे कॉलेजात कळलं की या काठाच्या कणसावर मोठा वाद झाला होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११चा. देशातलं पीक नजरेने न मोजता नमुन्याने कसं मोजायचं याची घडी ज्यांनी बसवली त्यांच्यातले एक. पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेत गेले आणि शेवटी पुण्यात आले. त्यांनी १९४६ साली दाखवून दिलं की कापायचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगून दिसतं. कारण हेच, लहान तुकड्याला काठ जास्त, आणि काठावरची ताटं आत येतात. समोर महालनोबीस यांच्यासारखा सांख्यिकीतला दिग्गज होता, बंगालमध्ये छोट्या वर्तुळांची पद्धत चालवणारा. मला त्या वादात नेहमी गंमत वाटायची की एवढे मोठे लोक भांडतायत कशावर, तर दोरीवरच्या कणसावर. आता त्या जांभळ्या गाऊनच्या पानावर मला काठच काठ दिसत होता. फार खूश आणि फार चिडलेले, दोन्ही दोरीवरचे. मध्ये वाढलेलं शेत, ठीकठाक वाटलेल्या, निमूट ठेवलेल्या, निमूट परत केलेल्या बायकांचं, कोणी कापलंच नाही.

आणि काठावरची कणसं आत ओढणारे हातही आहेत. जावेने नमुना म्हणून तो गाऊन मागवला होता. पिशवीत एक रंगीत चिठ्ठी निघाली: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा, पन्नास रुपये मिळवा. आपल्याकडे २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने गिऱ्हाईक बनून मतं लिहू नयेत असं सांगितलेलं आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी वेगळं मानक काढलं, आयएस १९०००, त्यात विकत घेतलेल्या मतांना जागा नाही. पण ते मानक ऐच्छिक म्हणून आलं, आणि पन्नास रुपये रोख आहेत. जावेला चिठ्ठीचा राग आला नाही, ती कौतुकाने म्हणाली, “छपाई चांगली आहे.”

गमतीचा भाग पुढेच आहे. २०१६ साली नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या काही संशोधकांनी एका ऑनलाइन दुकानाच्या खरेदी-परतीच्या नोंदी तपासल्या. रिव्ह्यू वाजवीपेक्षा गोड असले की विक्री वाढते आणि परत येणंही वाढतं, असं त्यांना दिसलं. २०१८ साली बोस्टनमधल्या तिघांच्या अभ्यासातही तोच सूर: रिव्ह्यू भरपूर आणि खरे असले तर माणूस बघून घेतो, परती कमी होतात, तारे फुगवलेले असले तर परती वाढतात. म्हणजे चिठ्ठीवाल्याचा चार पूर्णांक दोन हा आकडा कमी परतीची खूण तर नाहीच, काही प्रमाणात जास्त परतीचं कारण असू शकतो. पिशवी उघडणाऱ्या बाईच्या मनात पाच ताऱ्यांचा गाऊन असतो, आणि हातात साडेतीन ताऱ्यांचा येतो. साडेतीनच दाखवले असते तर कदाचित तिने ठेवून घेतला असता. तारे आणि परती यांच्यात संबंध आहे, पण तो कुठल्या दिशेने चाललाय ते पानावरून कळत नाही. याला माझ्या विषयात उत्तर नाही असं नाही, पण त्यासाठी परतीची खरी नोंद हाताशी लागते, म्हणजे ज्याच्यासाठी खटाटोप तेच आधी हवं.

तशी नोंद एका घरात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जावेला म्हटलं, दुसऱ्याचं राहू दे, तुझी वही काढ. तिच्या प्रत्येक डिझाइनचे किती गेले, किती परत आले, त्यातले न उघडता किती, सगळं वहीत लिहिलेलं, निळ्या शाईने गेलेले आणि लाल शाईने आलेले. वहीला गोंदाचा वास आणि कडेला चहाची वर्तुळं. एकीकडे वही, एकीकडे तिच्याच गाऊनचे रिव्ह्यू, आणि जेवणाची वेळ टळेपर्यंत आम्ही दोघी वाचत बसलो. ताऱ्यांनी काहीच सांगितलं नाही. तिचे सगळेच गाऊन चारच्या अलीकडे-पलीकडे, मग कमी परतीचा असो की जास्त. शब्दांनी मात्र सांगितलं. ज्या डिझाइनखाली ‘छातीत कमी’, ‘घट्ट’, ‘एक साइज मोठी घ्या’ असं येत होतं, तिथे वहीतही लाल शाई जास्त होती, दोन-तीन अपवाद सोडले तर. ‘झिप अडकते’ला वही जुळत होती. ‘कापड छान’ला काहीच जुळत नव्हतं, ते सगळीकडेच लिहिलेलं.

अपवादात एक मरून गाऊन होता. रिव्ह्यू उत्तम, परत येण्यात पहिला नंबर. जाऊ म्हणाली, “अहो ताई, तो स्वस्तात लावला होता, सगळे पैसे दारात देणारे. निम्म्यांनी उघडलाच नाही.” गाऊनमध्ये काही खोट नव्हती, मागवणाऱ्यांचं मन बदललं होतं. आणि कारणांच्या रकान्याचंही फार खरं धरू नये असं तिनेच मला शिकवलं. परत करताना मोबाइलवर यादी येते, ‘क्वालिटी खराब’वर टिचकी मारली की भाडं कापत नाहीत, हे बायकांना पाठ आहे. त्यामुळे माप चुकलेला, नवऱ्याला न आवडलेला, नणंदेने ‘हा रंग तुला शोभत नाही’ म्हटलेला, सगळे गाऊन वहीत क्वालिटी खराब. म्हणजे वहीतला आकडा खरा आणि कारण खोटं. रिव्ह्यूतलं कारण खरं आणि आकडा नाही.

मला राग आला तो यानंतर. वडिलांच्या वेळी नजरेचा अंदाज करावा लागायचा, कारण तालुक्यातली सगळी बाजरी काट्यावर चढवणं कोणालाच शक्य नव्हतं. नमुना घेण्याची सगळी विद्याच त्या अशक्यतेतून जन्मली. इथे तसं काही नाही. प्रत्येक गाऊन गेल्याची नोंद आहे, आल्याची नोंद आहे, मिनिटासकट. त्या जांभळ्या गाऊनचे नेमके किती परत आले हा आकडा या क्षणी एका संगणकात तयार पडला आहे. बाजरी पूर्ण मोजून झालेली आहे, आणि आपण बांधावर उभे राहून नजरेने पैसेवारी लावतोय. २०२३ साली ॲमेझॉनने अमेरिकेत काही वस्तूंच्या पानावर ‘ही वस्तू वारंवार परत येते, नीट वाचून घ्या’ अशी पट्टी लावायला सुरुवात केली. पट्टी आहे, आकडा नाही. का नाही, ते समजण्यासारखं आहे. विक्रेता पळेल, गिऱ्हाईक बिचकेल, उगाच एखादा मरून गाऊन बदनाम होईल. तरीही घेणाऱ्या बाईने हजार अनोळखी लोकांचं ‘नाइस’ चाळत बसायचं आणि ज्याला माहीत आहे त्याने गप्प राहायचं, हे मला पटत नाही. पटत नाही म्हणून काही होणार नाही, हेही कळतं.

जावेने शेवटी मोठा लॉट घेतला नाही. मास्तर कुरकुरला, पण तिने थोडेच फीडिंग गाऊन कापून घेतले, छातीत दोन इंच सैल, झिपच्या टोकाला कापडाची पट्टी, आणि फोटोखाली इंचात मापं. पैसे आधी भरणाऱ्यांनाच पाठवायचे असं ठरवलं, म्हणजे न उघडलेल्या पिशव्या त्यात मिसळणार नाहीत. संक्रांतीपर्यंत माल संपला, त्यानंतरची परतीची मुदतही संपली. पानावर मोजके रिव्ह्यू आहेत. एकीने लिहिलंय पार्सल वेळेवर आलं, एकीने तीन तारे देऊन लिहिलंय छान आहे. वहीत नेमका आकडा आहे आणि तो मला तिने फोनवर सांगितला. चांगला आहे, पुढच्या लॉटला पुरेल इतका चांगला. हा लेख मी तिला आधी वाचून दाखवला. वडिलांच्या सायकलीपाशी ती हसली, चिठ्ठीच्या छपाईचं काढून टाका म्हणाली, मी ते काढलं नाही. आणि मग म्हणाली, “ताई, सगळं लिहा, पण आपला आकडा तेवढा टाकू नका. पलीकडच्या गल्लीतला सध्या फीडिंग गाऊनच बघतोय.”